सातपुड्यातली पांढरी पहाट: गोठलेल्या दवाचे फोटो कसे काढावेत

"इतला थंडीमा कथा चालना रे?" जानेवारीत पहाटे तीनला मोटारसायकलच्या किल्लीचा आवाज झाला, की गोधडीच्या आतून आईचा हा प्रश्न ठरलेला. तोरणमाळला, म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्नही ठरलेला. "तठे काय शे?" तिथं काय आहे हे मला तिला अजून पटवता आलेलं नाही. एकदा मोबाइलवर फोटो दाखवला. गवताच्या पात्यांवर पांढरी कडा, मागे निळसर सागाचं रान. तिनं चष्मा सरकवून बघितलं आणि म्हणाली, "पीठ सांडेल शे का?"

पीठच सांडलेलं दिसतं खरं. खान्देशात बर्फ पडत नाही. थंडीचा कडाका वाढला की वर्तमानपत्रांत 'सातपुड्यात बर्फाची चादर' असे मथळे येतात, ते असतं गोठलेलं दव. पण जंगलाच्या काठावरचा एखादा खोलगट माळ सूर्य उगवायच्या आधी पांढरा पडलेला बघितला, तर मथळा लिहिणाऱ्याला माफ करावंसं वाटतं. हा पांढरा रंग तासभर टिकतो. ऊन लागलं की दहा-पंधरा मिनिटांत पाणी. काश्मीरला गेलात तर बर्फ दुपारीही तिथंच असतो. इथं उशिरा पोहोचणाऱ्याला ओलं गवत मिळतं.

मी पहिली दोन वर्षं ओल्या गवताचे पुष्कळ फोटो काढले. ती दोन वर्षं तुमची वाचावीत म्हणून हे सगळं लिहितोय.

कोणत्या रात्री निघायचं

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय घरी बसून घ्यायचा असतो. नुसता पारा उतरला म्हणजे दव गोठतं असं नाही. आकाश निरभ्र हवं, वारा पडलेला हवा आणि हवेत थोडी ओल हवी. रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. ढग असले तर ती परतून येते, वारा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. ढगही नाहीत आणि वाराही नाही, अशा रात्री गवताचं पातं भोवतीच्या हवेपेक्षा जास्त थंड होतं. म्हणून मोबाइलवरचं हवामान तीन-चार अंश दाखवत असतानाही पात्यावर शून्याखाली तापमान जाऊ शकतं. तो आकडा माणसाच्या उंचीवरच्या हवेचा असतो, गवताचा नव्हे.

माझा ठोकताळा असा. उत्तरेत हिमालयात चांगला बर्फ पडून आकाश मोकळं झाल्याची बातमी आली, की पुढचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं. तिकडून कोरडे गार वारे इकडे येतात आणि धुळे, नंदुरबारचा पारा एक आकड्यावर घसरतो. वारं वाहत असतं त्या दिवशी जायचं नाही. वारं थांबलं त्या रात्री निघायचं. गेल्या दोन दिवसांत सकाळी गाडीच्या सीटवर दव पडलेलं दिसत असेल तर ओलही आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीअखेर हा आपला मोसम. त्यातही अशा रात्री हातावर मोजण्याइतक्याच मिळतात. काही वर्षी एकही नाही.

जंगलात नाही, जंगलाच्या काठावर

माझी पहिली मोठी चूक इथं झाली. घनदाट झाडीत बर्फाळ दृश्य सापडेल म्हणून मी सागाच्या रानात आत आत चालत गेलो. आत काहीच नव्हतं. कारण साधं आहे: झाडाच्या फांद्या जमिनीवर छतासारख्या असतात, खालची उष्णता अडवतात. दव गोठतं ते उघड्यावर. शिवाय गार हवा जड असते, पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट जागी साचते. म्हणजे शोधायचं काय, तर जंगलाला लागून असलेला उघडा, खोलगट, गवताळ तुकडा. ओढ्याकाठचं शेत, टेकड्यांमधली बशी, कापणी झालेल्या शेतातली कडब्याची गंजी.

नंदुरबार जिल्ह्यात अशा दोन जागा आहेत. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीच्या बाजूला निघालं की डाबचा परिसर लागतो. कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याची बातमी बहुतेक वेळा तिथूनच येते. दुसरी जागा तोरणमाळ, शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर. हजार मीटरहून अधिक उंचीवरचं पठार, मध्ये यशवंत तलाव, कडेला सीताखाईची दरी. वर चढताना सातपायरीचा घाट आहे, तो अंधारात आणि धुक्यात पहिल्यांदाच चढायचा बेत करू नका. आदल्या दिवशी उजेडात वर जा आणि मुक्काम करा. मी आता तसंच करतो. पहाटे तीनला निघणं हा तरुणपणीचा हट्ट होता, आता फक्त आईला चिडवण्यापुरता उरलाय.

जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्यातलं पाल आणि सुकी नदीचा काठ. तिथं मला गोठलेलं दव कधी मिळालेलं नाही, पण नदीवरचं धुकं आणि सालईची झाडं यांच्यासाठी मी पुन्हा जाईन. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. ड्रोन घरीच ठेवा. आणि एवढ्या लांब जायच्या आधी सराव करायचा तर धुळ्याजवळचं लळिंगचं कुरण उत्तम. पांढरं नसेल, पण वाळल्या गवतावरचं दव आणि कोवळा उजेड हे दोन्ही तिथं फुकट मिळतं.

आदल्या संध्याकाळी जागा हेरून ठेवा

हे टाळून कुणी चांगला फोटो काढला असेल तर ते नशीब. संध्याकाळी पाच वाजता फिरून तीन-चार जागा पक्क्या करा. सूर्य उद्या कुठून वर येणार ते होकायंत्रावर बघा. जानेवारीत तो ठीक पूर्वेला नाही, बराच दक्षिणेकडे सरकून उगवतो.

आणि एक जुनी युक्ती, जी मला डाबकडच्या एका शेतकऱ्यानं सहज बोलता बोलता दिली. "त्या टेकडीच्या पायथ्याला जा, तिथं ऊन उशिरा येतं," तो म्हणाला. पूर्वेला टेकडी असलेला खळगा निवडला, की सपाटीवर सगळं विरघळून गेल्यावरही तिथं अर्धा-पाऊण तास पांढरं शिल्लक राहतं. म्हणजे एका सकाळी दोन जागा मिळतात. आधी उघडा माळ, मग टेकडीच्या सावलीतला खळगा.

शेत कुणाचं आहे ते विचारून घ्या. विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही, उलट शेकोटीपाशी बसवतात. न विचारता पहाटे पाचला टॉर्च घेऊन कुणाच्या शेतात फिरलात तर कुत्री तुमचा फोटो काढतील.

सोबत काय

कॅमेरा कुठलाही चालेल. मी सात वर्षं जुना, एक डायल सैल झालेला कॅमेरा वापरतो. ट्रायपॉड मात्र हवाच, आणि तो जमिनीला टेकेल इतका खाली जाणारा हवा, कारण आपला विषय बहुतेक वेळा वीतभर उंचीवर असतो. ट्रायपॉड धातूचा असेल तर पायांना सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळा. मी एकदा उघड्या हातानं धरला आणि पुढची दहा मिनिटं बोटांना बटणं कळत नव्हती.

लेन्स दोन पुरतात: एक रुंद किंवा साधी झूम, एक मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) किंवा लांब पल्ल्याची. जास्तीची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते. ती मेलेली नसते, उब मिळाली की पुन्हा थोडी चालते. म्हणून 'संपली' असं दाखवणारी बॅटरी फेकून देऊ नका, खिशातलीशी अदलाबदल करा. मऊ सुती फडकं, डोक्याला बांधायचा टॉर्च, गुडघे टेकायला रिकामं पोतं. हे पोतं माझ्या सामानातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. बोटांचे टोक उघडे असलेले हातमोजे. पेट्रोल शहाद्याला किंवा अक्कलकुव्याला भरून घ्या. वर मोबाइलला रेंज असेलच असं धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि कळण्याची भाकरी, ठेचा, थर्मासभर चहा. उपाशीपोटी थंडीत माणूस घाई करतो आणि घाईत फोटो हलतो.

पावणेसात ते साडेसात

जानेवारीत नंदुरबारकडे सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो. मी सहालाच जागेवर असतो. अंधारात आधी फक्त पायाखाली बघायचं. तुमच्या चौकटीत जो माळ येणार आहे त्यावरून एकदाही चालायचं नाही. गोठलेल्या गवतावर पाय पडला की हिरवा डाग उठतो आणि तो जात नाही. कडेकडेनं फिरा. मित्राला सोबत नेलंत तर त्याला हे गाडीतच सांगून ठेवा. माझा एक मित्र "अरे, इथं किती भारी आहे!" म्हणत बरोबर मधोमध धावला होता. मैत्री टिकली, फोटो नाही.

पावणेसातच्या सुमारास कामाचा उजेड येतो. तो निळा असतो, सावली नसते, सगळं एकसारखं मऊ दिसतं. रुंद दृश्यं याच वेळी काढून घ्यायची. पांढरा माळ, त्यामागं काळपट रान, वर डोंगराची रेघ. ट्रायपॉडवर एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), आयएसओ ४०० (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता), आणि शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, सुरुवातीला अर्ध्या सेकंदापर्यंतही जाईल. बटण बोटानं दाबायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा. वारा नसल्यामुळे गवत हलत नाही, म्हणून एवढं मंद शटर चालतं. मिनिटा-मिनिटाला उजेड वाढतो, तसं शटर आखडत न्यायचं.

सव्वासात ते साडेसात ही पंधरा मिनिटं वेडी असतात. ऊन डोंगरावरून खाली उतरताना दिसतं, एक रेघ सरकत येते. रेघेच्या अलीकडे निळं, पलीकडे पिवळं. या वेळी सूर्याच्या दिशेनं तोंड करून उभं राहा. गवताच्या मागून ऊन आलं की गोठलेला प्रत्येक थेंब पेटतो. लेन्सवर हूड असू द्या, नाहीतर टोपीनं सावली धरा. एका जागेवर राहा. मी पूर्वी इकडून तिकडे पळायचो आणि शेवटी हातात काहीच नसायचं. आता ऊन येईल ती जागा आधीच ठरवतो, चौकट लावतो आणि रेघेची वाट बघत बसतो.

पांढऱ्याला कॅमेरा फसतो

इथं थोडं थांबू या, कारण निम्मे फोटो इथंच बिघडतात.

कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. त्याला फक्त उजेड मोजता येतो, आणि तो असं धरून चालतो की जगातलं सगळं सरासरी मधल्या करड्या रंगाचं आहे. चौकटभर पांढरा माळ दिला की तो म्हणतो, हे फारच उजळ झालं, आणि फोटो गडद करतो. पांढरं दव राखेसारखं दिसतं. माझ्या पहिल्या डाबच्या फेरीतले सगळे फोटो असे होते. मेहुण्यानं बघून विचारलं होतं, वणवा लागला होता का?

उपाय म्हणजे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, कॅमेऱ्यावरचं अधिक-उणेचं बटण. चौकट बहुतांश पांढरी असेल तर +१ पासून सुरुवात करा. खऱ्या बर्फात, उन्हात, ते +१.७ किंवा +२ पर्यंतही जातं. आपल्याकडचं दव तेवढं दाट नसतं, खालचं वाळलं गवत डोकावत असतं, म्हणून मला बहुधा +०.७ ते +१.३ पुरतं.

पण 'पांढरं दिसलं की अधिक' हा नियम पाठ करू नका. उलटंही होतं. पांढरी किनार असलेलं एकच पातं आणि मागे सगळं काळं रान अशी चौकट असेल, तर कॅमेरा आता काळ्याला फसतो. तो फोटो उजळ करतो आणि ते पातं जळून नुसता पांढरा डाग उरतो. तिथं उणे जावं लागतं, −०.७, कधी −१. म्हणून प्रश्न दर वेळी एकच विचारायचा: चौकटीत पांढरं किती आणि काळं किती?

फोटो काढल्यावर स्क्रीनवरच्या चित्रावर विश्वास ठेवू नका. अंधारात स्क्रीन झगझगीत दिसते आणि सगळे फोटो छानच वाटतात. हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती आहे हे दाखवणारा डोंगरासारखा आलेख. डोंगराचा उजवा पाय उजव्या भिंतीजवळ यावा, पण भिंतीवर चढू नये. जळालेला भाग लुकलुकणारी सूचना बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू ठेवा. थेंबातल्या सूर्याच्या एखाद्या ठिपक्यानं लुकलुक केलं तर हरकत नाही. अख्खं पातं लुकलुकलं तर कमी करा.

हिस्टोग्राम समजत नसेल तर जुन्या फोटोग्राफरांची तळहाताची युक्ती आहे. ज्या उजेडात विषय आहे त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरा, त्यावर मोजमाप घ्या आणि त्याला एक पायरी उजळ करा. हात नेहमी सोबत असतो, विसरायची भीती नाही.

फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतः प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढा, कारण रंगाचं काम घरी करायचं असतं. सावलीतलं दव निळं पडतं, ते निळ्या आकाशाच्या उजेडात असतं म्हणून. कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीला, हे आवडत नाही, तो निळं पुसायला बघतो आणि सकाळची थंडी त्यातच पुसली जाते. मी सरळ 'डेलाइट'वर ठेवतो, साधारण ५२०० ते ५५०० केल्विन. निळं निळं राहतं, उन्हातलं पांढरं पांढरं येतं.

मोबाइलवाल्यांसाठी

मोबाइलनं फोटो होत नाहीत असं मी म्हणणार नाही, माझ्या भाचीनं माझ्यापेक्षा चांगला काढलाय. आधी लेन्स पुसा, खिशातल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटांचं तेल असतंच. पडद्यावर विषयावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड पक्का होईल, मग बोट वर-खाली सरकवून उजेड ठरवा. वरचं अधिक-उणेचं सगळं इथंही लागू. बोटांनी ताणून झूम करू नका, दोन पावलं पुढं जा. अंधारात मोबाइल दगडाला टेकवा.

वीतभर जगात

रुंद दृश्य संपलं की पोत्यावर गुडघे टेका. खरी मजा खाली आहे.

जवळून बघितलं की दोन प्रकार दिसतात. पहिल्यात दवाचे थेंब आधी पडले आणि नंतर गोठले. ते काचेच्या मण्यांसारखे, गोल, पारदर्शक. दुसऱ्यात हवेतली वाफ थेंब न होता सरळ बर्फ झाली. ते पिसासारखं, काटेरी, दुधाळ पांढरं, पानांच्या कडांवर आणि केसाळ देठांवर जास्त. आपल्याकडे पहिला प्रकार अधिक. मण्यांना मागून किंवा बाजूनं उजेड हवा, नाहीतर ते दिसतच नाहीत. पिसांना उलट सूर्याआधीचा सपाट उजेड मानवतो. म्हणून क्रम लावा, आधी पिसं, मग मणी.

वाळलेलं सागाचं पान शोधा. त्याच्या शिरांवर पांढरं बसलं की नकाशावरच्या नद्यांसारखं दिसतं. कोळ्याचं जाळं, बोरीचे काटे, तुरीच्या शेंगा, कडब्याच्या गंजीची कडा. डाबकडे अलीकडे स्ट्रॉबेरीही लावतात, त्या पानांच्या दातेरी कडांवर पांढरी किनार फार सुबक येते.

एफ/८ ते एफ/११ ठेवा आणि कॅमेरा पानाला समांतर धरा, म्हणजे अख्खं पान स्पष्ट येईल. तिरका धरला तर अर्धं पान धूसर होतं. श्वास जपून! तोंड जवळ नेऊन फोकस करताना सोडलेल्या एका गरम उच्छ्वासानं तुमचा विषय पाणी होतो. मी नाकावर मफलर बांधतो आणि फोकस लावताना श्वास रोखतो. पान तोडून सोयीच्या जागी ठेवायचा मोह होतो, पण हाताची उबही पुरेशी असते ते पुसायला.

या कामाचा मूळ पुरुष म्हणावा असा एक माणूस अमेरिकेत व्हर्मॉन्ट राज्यातल्या जेरिको गावचा शेतकरी होता, विल्सन बेंटली. १५ जानेवारी १८८५ रोजी त्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि मग १९३१ मध्ये मरेपर्यंत पाच हजारांहून अधिक काढले. तो कण पक्ष्याच्या पिसानं हलकेच काचेवर बसवायचा आणि श्वास रोखून धरायचा. शेजारपाजारचे त्याला काय म्हणत असतील याची कल्पना आम्हाला आहे.

धुई, सालई आणि ऊन चढल्यावर

दव गोठलं नाही म्हणून परत फिरू नका. ज्या सकाळी आकाश मोकळं असतं त्या सकाळी तोरणमाळच्या तलावावर वाफ उठते, कारण पाणी हवेपेक्षा उबदार असतं. ऊन लागेपर्यंत ती पाण्यावर लोळते. दाट धुकं, आमच्याकडची धुई, असेल तर जंगल आपोआप सोपं होतं. मागचा पसारा पुसला जातो, पुढची दोन झाडं उरतात. बर्फाच्या जंगलात जे होतं तेच. इथंही +०.७ ते +१ द्यावं लागतं, धुकंही पांढरंच. लांब लेन्सनं खोडांच्या रांगा काढा, एक जवळ, एक मधे, एक पुसट.

उन्हं वर आल्यावर सालईकडे वळा. तिची साल कागदासारखी सुटते, मागून ऊन आलं की त्या पापुद्र्यांतून तांबूस उजेड झिरपतो. थंडीत धावड्याची पानं तांबड्या रंगावर येतात. साग अजून पानं धरून असतो, भोकं पडलेली, जाळीदार. नऊ वाजता मी कॅमेरा बंद करतो. त्यानंतरचा उजेड मला आवडत नाही, दुसऱ्या कुणाला आवडत असेल.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आपण ज्या थंडीची वाट बघतो तिची रावेर-यावलचा केळी बागायतदार धास्ती घेतो. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानांवर चरका बसतो. रात्री बागेच्या बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात, बागेला पाणी देतात. सातपुड्यातल्या भाजीपाल्याचंही तेच. म्हणून कुणाच्या शेतात पांढरं पडलेलं बघून "काय मस्त!" असं मोठ्यानं ओरडू नका. मी एकदा ओरडलोय. शेतकरी काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. तेव्हापासून मी बांधावरच्या धुराचेही फोटो काढतो, परवानगी घेऊन. पहाटेच्या निळ्या उजेडात केळीच्या रांगांवर आडवा पसरलेला धूर आणि त्यात शेकोटीचा एक लाल ठिपका, हा फोटो खान्देशाबाहेर कुठं मिळणार? माणसं चौकटीत येत असतील तर आधी बोला, मग कॅमेरा काढा.

परत येताना

गार कॅमेरा उबदार खोलीत आणला की त्यावर घाम येतो, थंड पाण्याच्या लोट्यावर येतो तसा. बाहेरून येतो आणि लेन्सच्या आतही येऊ शकतो. मी एकदा शेकोटीजवळ कॅमेरा घेऊन बसलो आणि लेन्स दोन तास आंधळी झाली. बाहेर असतानाच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग आत न्या. घाम पिशवीवर येतो. तासाभरानं पिशवी उघडा. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेरच काढून घ्या. मुक्कामाला असाल तर रात्री कॅमेरा गाडीच्या डिकीतच ठेवणं बरं, सकाळी गार लेन्स गार हवेत धुरकटत नाही.

परतीच्या रस्त्यावर धूळ असते, आणि ओल्या कॅमेऱ्यावर धूळ म्हणजे चिखल. घाट उतरायच्या आधीच बॅग बंद.

खऱ्या बर्फात गेलात तर

इथं हात बसला की गुलमर्ग किंवा नारकंड्याला तुम्ही हरणार नाही. मी २०१६ मध्ये गुलमर्गला गेलो तेव्हा फरक तेवढा एकच जाणवला, तिथं घाई नव्हती. तरी देवदार आणि कैलच्या फांद्यांवरचा ताजा बर्फ मात्र घाईचाच. ऊन लागलं किंवा वारं सुटलं की तो धपाधप खाली पडतो, म्हणून रात्री बर्फ पडून थांबला की पहाटे बाहेर.

बर्फ पडत असताना कण गोठलेले दिसायला हवे असतील तर शटर १/२५० किंवा त्याहून जलद. रेघा हव्या असतील तर १/३० च्या आसपास. कण दिसण्यासाठी मागे काळं खोड किंवा गडद झाडी घ्या, पांढऱ्या आकाशासमोर ते हरवतात. पावलांचा नियम तिथंही तोच, फक्त डाग हिरवा नसून निळा खड्डा असतो आणि दिवसभर राहतो. बर्फाखाली ओढा असू शकतो, म्हणून अनोळखी उतारावर स्थानिक माणसाशिवाय शिरू नका. आणि पांढऱ्या जंगलात लाल शाल घेतलेली बाई उभी करण्याचा मोह आवरा. मी काढलाय तो फोटो. सगळ्यांनीच काढलाय.

घरी

संगणकावर फार काही करायचं नाही. आधी निवड. चाळीसातले चार ठेवा. मग सगळ्यात उजळ भाग जरा खाली ओढा, म्हणजे पांढऱ्यातली खडबड परत येते. काळं थोडं काळं होऊ द्या. दवातलं निळं पूर्ण घालवू नका. धार वाढवण्याची पट्टी सांभाळून सरकवा, गोठलेलं गवत मुळात टोकदार असतं, जास्त ओढलं तर तारेची घासणी दिसते. फोटो छापायचा तर कागद मॅट घ्या. आमच्या घरात एक छापलेला लावलाय, स्वयंपाकघराच्या दाराशी.

परवा आई पोळ्या लाटताना थांबली आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "हाई पीठ नई शे."